दहा दिवसांचा कोर्स

आईला लघवीची जळजळ नेमकी कधीपासून होती, हे मला सांगता येणार नाही. ती सांगायचीच नाही. पिंपळवंडीला आमचं दीड एकर रान आहे. तिथलं काम उरकलं की ती दुसऱ्यांच्या टोमॅटोच्या तोड्याला जायची. टोमॅटोच्या रानात बायकांना आडोसा नसतो. पीक काठ्या-तारांवर चढवलेलं असलं तरी दोन ओळींमधून आरपार दिसतं, आणि क्रेट उचलणारे गडी सारखे ये-जा करत असतात. म्हणून बायका घरून निघताना पाणी पीत नाहीत, रानात घोटभर पितात आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत धरून ठेवतात. आईनं तीस-पस्तीस वर्षं हेच केलं. कॉलेजच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे तेव्हा मीही हेच केलं, आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

मी मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले, पुढे लॅबचा कोर्स केला, आणि लग्न होऊन कळंबला आले. गेली बारा वर्षं मंचरच्या एका खासगी लॅबमध्ये काम करते. लोकांची लघवी, पू, थुंकी आमच्याकडे येते. त्यातले जंतू आम्ही प्लेटवर वाढवतो, कुठला जंतू आहे ते ओळखतो आणि कुठल्या औषधानं तो मरतो ते बघून डॉक्टरांना कळवतो. याला कल्चर रिपोर्ट म्हणतात. तो यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि दोन-तीन दिवस थांबायला कुणी तयार नसतं. त्यामुळे बहुतेक पेशंट आमच्याकडे येतात ते तीन-चार औषधं खाऊन झाल्यावर.

आईचं दुखणं मला पहिल्यांदा वहिनीकडून कळलं. ती आईला आत्याबाई म्हणते. तिनं फोनवर हळूच सांगितलं, की आत्याबाई सारख्या मोरीकडे जातात आणि बाहेर येताना डोळ्यांत पाणी असतं. दादानं तिला फाट्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं एक इंजेक्शन टोचलं आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी जळजळ थांबली. तिसऱ्या दिवशी आईनं गोळ्या बंद केल्या आणि उरलेल्या बांगड्यांच्या डब्यात ठेवून दिल्या. पुढच्या वेळी त्याच काढून खाल्ल्या. मध्ये शेजारच्या मावशींना ताप आला तर त्यांनाही दोन दिल्या.

हे मला कळलं तेव्हा मी तिला रागावले. अर्धवट औषध खाल्लं की कच्चे जंतू मरतात आणि पक्के उरतात. मग त्या पक्क्यांचीच पिलावळ वाढते आणि पुढच्या वेळी तीच गोळी त्यांना काही करत नाही, हे तिला समजेल अशा भाषेत सांगितलं. ती ऐकून म्हणाली, बरं वाटल्यावर कशाला खायचं उगी. मी म्हटलं, कोर्स पूर्ण करायचा. त्यानंतर दर फोनला मी तेच विचारायचे. कोर्स पूर्ण केलास का. माझ्या तोंडी ते वाक्य इतकं बसलं होतं, की दादाची पोरं माझी नक्कल करायची.

पण मी स्वतः काय करत होते, तेही लिहायला हवं. दोन वर्षांत तिला पाच-सहा वेळा त्रास झाला. त्यातल्या दोन वेळा मीच ओळखीच्या मेडिकलवाल्याला फोन करून गोळ्या पाठवायला सांगितल्या. दुसऱ्या वेळी आधीपेक्षा भारी गोळी सांगितली. एकदाही तिच्या लघवीचा नमुना माझ्या लॅबमध्ये आणला नाही. रोज शे-सव्वाशे अनोळखी माणसांच्या बाटल्या मी हाताळत होते. माझ्या आईची बाटली सहकाऱ्यांच्या समोर त्या बाकावर ठेवायची मला लाज वाटली. हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नसतं. तेव्हा मी म्हणायचे, एवढ्याशा गोष्टीला काय कल्चर करायचं.

एप्रिलमध्ये तिला थंडी वाजून ताप आला. पाठीत एका बाजूला कळ येत होती. फाट्यावरच्या डॉक्टरनं दोन दिवस इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती उठून बसली आणि वहिनीला म्हणाली, माझं लुगडं दे, मला आण्याला जायचंय. आणे तिचं माहेर. तिथं आता कुणी राहत नाही. दादानं शेजाऱ्याची गाडी काढली आणि तिला मंचरला, आमच्या लॅबपासून जवळच असलेल्या एका दवाखान्यात आणलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या. त्यांनी आईच्या पाठीवर हलकं ठोकून पाहिलं, आई कळवळली, आणि त्या म्हणाल्या की इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलंय. रक्त आणि लघवी तपासायला घेतली. रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात धरून बसता येत नाही, म्हणून अंदाजानं एक इंजेक्शन सुरू केलं. नेहमी दिलं जातं तेच. माझ्या मनात आलं की हे चालणार नाही, पण मी काही बोलले नाही.

लघवीचा नमुना मी स्वतः आमच्या लॅबमध्ये प्लेटवर लावला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर जंतू उगवले होते. ई. कोलाय. माणसाच्या आतड्यात असतोच, तो चुकीच्या जागी गेला की हा घोळ होतो. मग दुसऱ्या प्लेटवर कापसाच्या बोळ्यानं ते सगळीकडे सारखे पसरले आणि वर कागदाच्या छोट्या चकत्या ठेवल्या. प्रत्येक चकतीत एक औषध असतं. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो, तिथं जंतू वाढत नाहीत. नसेल तर ते चकतीच्या अगदी कडेला येऊन टेकतात.

तिसऱ्या दिवशी मी प्लेट उजेडात धरली. फाट्यावरच्या डॉक्टरनं दिलेली पहिली गोळी, तिच्याभोवती काही नाही. दुसरी, काही नाही. मी मेडिकलवाल्याकडून मागवलेली भारी गोळी, तिच्याही कडेपर्यंत जंतू दाट माजलेले. दवाखान्यात चालू असलेलं इंजेक्शन, तेही तसंच. तीनच गोल दिसत होते. माझ्या बाजूला बसणारी सहकारी वाकून म्हणाली, हा पेशंट कुठला गं, किती औषधं खाल्लीत याने. मी सांगितलं, माझी आई आहे. 

रिपोर्ट घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. आईचा ताप उतरला नव्हताच. त्यांनी रिपोर्टवरच्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. ती एक जुनी, साधी गोळी होती, नायट्रोफ्युरँटोइन. त्या म्हणाल्या, "ही गोळी लघवीत उतरते, मूत्राशयातले जंतू मारते. पण मूत्रपिंडाच्या मांसात आणि रक्तात पुरेशी पोचत नाही. जळजळ फक्त खाली होती तेव्हा रिपोर्ट केला असता, तर कदाचित हिच्यावरच भागलं असतं."

त्या मला टोमणा मारत नव्हत्या. मी काय काम करते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या मला बरोबरीच्या माणसासारखं समजावत होत्या. मला ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

उरली दोन. एक मेरोपेनेम. जंतूला बाहेरून भिंत असते, ती हे बांधू देत नाही आणि जंतू फुटून मरतो. अशी भिंत अडवणारी औषधं बरीच आहेत, हे त्यातल्या भारी औषधांपैकी एक. दिवसातून तीनदा शिरेतून द्यायचं, म्हणजे दहा दिवस दवाखान्यात राहणं आलं. दुसरं अमिकॅसिन. ते जंतूच्या आत शिरून त्याची प्रथिनं बनवायची यंत्रणाच बिघडवतं. दिवसातून एकदा पुरतं. डॉक्टरीणबाईंचा कल मेरोपेनेमकडे होता. त्यांनी तेच सुरू केलं. दोन दिवसांत आईचा ताप उतरला आणि ती शुद्धीवर आली.

शुद्धीवर आल्याबरोबर तिनं घरी जायचा हट्ट धरला. वॉर्डातल्या सगळ्या बायकांना मिळून एकच संडास होता, तोही पुरुषांच्या वॉर्डासमोरून जाऊन. हातात सलाईनची सुई घेऊन त्या सगळ्यांच्या देखत जायचं तिला जिवावर येई. तिनं पाणी पिणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, "हितं मला न्हाई राहायचं. तिकडं बापय बसल्यालं असत्यात."

पाणी पिणं हाच तर अर्धा इलाज होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता ताप नाही, पुढचा कोर्स अमिकॅसिनवर करता येईल, दहा दिवस रोज एकदा आणून टोचून न्यायचं. पण त्याला दोन धोके आहेत. ते किडनीला त्रास देऊ शकतं, त्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी रक्त तपासू. आणि ते कानाला त्रास देऊ शकतं. एरवी अशा वयाच्या पेशंटला मी हे टाळते, असंही त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघून स्पष्ट सांगितलं, "कानात आवाज आला, ऐकू कमी आलं, चक्कर आली, तर त्याच दिवशी मला सांगा. आपण लगेच थांबवू."

दादा म्हणाला, तुला त्यातलं कळतं, तू ठरव. मी ठरवलं. आईला कळंबला माझ्या घरी आणलं.

पहिले दिवस बरे गेले. सकाळी तिला स्कूटीवर मागे बसवून मी मंचरला न्यायचे, इंजेक्शन व्हायचं, मग नवरा तिला घरी सोडायचा आणि मी लॅबला जायचे. ती आमच्या ओट्यावर बसून शेंगा फोडायची. तांब्याभर पाणी जवळ असायचं आणि ते ती प्यायची, कारण संडास घरातच होता. रक्ताचे रिपोर्ट नीट येत होते. मी सासूबाईंना अभिमानानं सांगत होते, की असा रिपोर्ट बघून औषध निवडलं म्हणजे कसा गुण येतो.

सहाव्या इंजेक्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, स्कूटीवर बसताना ती म्हणाली, "कानात रातकिडं वरडल्यासारखं व्हतंय गं."

मी स्कूटी सुरू केली. अशक्तपणा आहे, म्हणाले. जेवण वाढव.

मला कळलं नव्हतं असं नाही. लगेच कळलं होतं. रस्ताभर मी हिशोब मांडत होते, की अजून चार राहिलीत. आत्ता थांबलं तर कोर्स अर्धा राहील, पक्के जंतू उरतील आणि आता मागे एकच औषध शिल्लक आहे. ते मिळवायला पुन्हा वॉर्ड, पुन्हा तो संडास, पुन्हा तिचा हट्ट. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या थांबवतील, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी सांगितलं नाही. मी स्वतःला म्हटलं, चारच दिवस.

आठव्या दिवशी ती मोरीतून येताना भिंत धरून आली. जमीन हलल्यासारखी वाटते, म्हणाली. त्या दिवशी मला भीती वाटली. इंजेक्शनच्या वेळी नर्सनं विचारलं, काही त्रास? आईनं माझ्याकडे पाहिलं. माझी लेक यातली जाणकार, तिला सांगून झालंय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी म्हटलं, काही नाही.

दहाही इंजेक्शनं झाली आणि आई पिंपळवंडीला परत गेली. पंधरा दिवसांनी वहिनीला नमुना कसा घ्यायचा ते शिकवून लघवी पुन्हा तपासली. प्लेट कोरी होती, एकही जंतू नाही. इतक्या वर्षांत मी हजारो कोऱ्या प्लेट पाहिल्या असतील. ती हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले आणि मला वाटलं, निभावलं.

तोवर घरी सुरू झालं होतं. आधी कुकरची शिट्टी तिला ऐकू येईना. मग पोरांचं बोलणं. बारीक, उंच आवाज आधी जातात, हे मी नंतर वाचलं. जून सरताना दादा फोनवर म्हणाला की आई आमच्या तोंडाकडे बघून बोलते. आम्ही तिला पुण्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासलं, आलेख काढला. रेघ उजवीकडे खाली खाली जात होती. ते म्हणाले, कानाच्या आत ज्या बारीक पेशी असतात त्या गेल्यात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. मशीननं थोडाफार उपयोग होईल.

तो आलेख घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. चेहरा उतरला होता. मग मला विचारलं, "त्या काही बोलल्या होत्या का? कानात आवाज, चक्कर?"

मी म्हणाले, "नाही."

आई माझ्या शेजारीच बसली होती. तिला यातलं काही ऐकू आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, काही वेळा आधी काही लक्षणच दिसत नाही. त्यांनी आईचा हात हातात घेतला. मी खोटं बोलून त्या बाईंवर एक ओझं टाकलं होतं जे त्यांचं नव्हतं, आणि तरी मी ते मागे घेतलं नाही.

मला राग काढायला कुणीतरी हवं होतं. मी आईचा कल्चर रिपोर्ट घेऊन फाट्यावरच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं पेशंट थांबवले आणि मला आत बसवलं. मी एकेका औषधावर बोट ठेवून विचारलं, हे का दिलं, हे कशाला, एकदा तरी तपासलं का. तो चिडला नाही. म्हणाला, माझ्याकडं येणाऱ्याला उद्या रानात जायचं असतं. आज उतार पडला नाय तर तो दुसऱ्याकडं जातो, आणि तो दुसरा याहून मोठं इंजेक्शन देतो. मग रिपोर्ट माझ्या हातात परत देत म्हणाला, "ताई, तुमी तर लॅबमधीच आहात. तुमच्या आईचा नमुना तुमच्याकडं कवा आला?"

मी उठून आले. त्याच्या दारात टोमॅटोच्या रानातून आलेल्या दोन बायका बसल्या होत्या, हातांना हिरवा डाग. मी त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आईला मशीन बसवलं, पण ती ते काढून ठेवते. त्यात सगळं एकदम आदळतं म्हणते. पौर्णिमेला वस्तीवरच्या विहारात वंदना असते, ती पुढच्या ओळीत बसते. मी एकदा गेले होते. सगळे म्हणत होते तशी तीही म्हणत होती, शब्द न् शब्द पाठ आहे तिला. सगळे थांबले आणि ती तशीच पुढे म्हणत राहिली, एकटी, मोठ्यानं. शेजारच्या बाईनं वळून तिच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा ती थांबली आणि इकडेतिकडे पाहून हसली. मी मागच्या मागे बाहेर आले.

त्यानंतरच्या रविवारी मी पिंपळवंडीला गेले ते ठरवूनच. ती पडवीत एकटी होती. ती चौथीपर्यंत शिकलीय, वाचते सावकाश. मी पोरांच्या वहीत लिहिलं, की तू मला कानात आवाज येतो म्हणालीस तेव्हाच इंजेक्शन थांबवायला हवं होतं. मला माहीत होतं. मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

तिनं वही लांब धरून ते वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आपला आवाज किती मोठा होतो हे तिला आता कळत नाही. ती म्हणाली, "मंग तवाच का न्हाई सांगितलं त्यास्नी?"

ते आत चुलीपाशी बसलेल्या वहिनीनं ऐकलं, आणि बाहेर मोटरसायकल पुसत असलेल्या दादानंही. दादा फडकं हातात घेऊन दारात आला. मी वहीत लिहिलं, कोर्स अर्धा राहील म्हणून घाबरले. आईनं तेही वाचलं. वही मिटून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तुला वाटलं तसं तू केलंस." त्यात राग होता की नाही, मला ओळखता आलं नाही. ती उठून शेळीला पाला टाकायला गेली.  मी निघाले तेव्हा दादा नेहमीसारखा फाट्यापर्यंत सोडायला आला नाही.

दिवाळीनंतर तिला पुन्हा जळजळ सुरू झाली. वहिनीनं त्याच दिवशी तिला नीट धुवायला लावून सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा नमुना घेतला, औषधाची एक गोळीही द्यायच्या आधी. मी शिकवलं होतं तसंच, अगदी तंतोतंत. तो नमुना दादानं नारायणगावच्या एका लॅबला नेऊन दिला. रिपोर्ट येईपर्यंत ते थांबले, आईला पाणी पाजत राहिले, आणि मग डॉक्टरांनी रिपोर्ट बघून गोळी दिली. ती सगळी संपवली. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. महिन्यानं वहिनीचा फोन आला, पोरांच्या शाळेविषयी बोलायला, त्यात तिनं जाता जाता सांगितलं. मी विचारलं, माझ्याकडे का नाही पाठवलं. ती म्हणाली, "आत्याबाईच नको म्हणाल्या."